मेंदूच्या फोटोत मुलाची शाखा दिसत नाही

पत्र थोडक्यात : गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका आईने लिहिलंय. मुलगा सोळा वर्षांचा, हायर सेकंडरीत अकरावी सायन्सला. दहावीला गुण चांगले पडले म्हणून सायन्स घेतलं. पहिल्या सत्रात फिजिक्स आणि गणितात जेमतेम पास झाला. आता कॉमर्सला जातो म्हणतो. रात्री दीडपर्यंत मोबाइल हातात असतो आणि सव्वासहाला उठवताना रोज वाद होतो. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत मित्रांबरोबर आरत्यांना जाताना वडिलांची स्कूटर न विचारता नेली. तिघं बसले होते, वळणावर घसरून पडले, खरचटण्यावर निभावलं. पुढे एका नातेवाइकाने व्हिडिओ पाठवला : माणसाचा मेंदू पंचविसाव्या वर्षापर्यंत पूर्ण होत नाही. तेव्हापासून वडील म्हणतात, पंचविशीपर्यंत याच्या कुठल्याच निर्णयाला अर्थ नाही, आम्ही ठरवू ते करायचं. त्यातच ट्यूशन क्लासमध्ये एका खासगी केंद्राचा माणूस ‘ब्रेन मॅपिंग’ची जाहिरात करून गेला. बोटांचे ठसे घेऊन आणि डोक्याला वायरी लावून मुलाला कोणती शाखा योग्य ते सांगतात, फी काही हजारांत. वडिलांचं म्हणणं, त्यापेक्षा सरळ एमआरआय काढू. आई विचारते : “एमआरआय काढला तर मेंदू किती तयार झालाय, मोबाइलने बिघडलाय का, सायन्स झेपेल का, हे कळेल का? आणि मेंदूच अपुरा असेल तर त्याचं ऐकायचं तरी कसं?”

ताई,

शाखेचं आणि मोबाइलचं बोलूच, पण आधी त्या पडण्याबद्दल. खरचटण्यावर निभावलं असं तुम्ही लिहिलंय, डोकं आपटलं होतं का ते लिहिलेलं नाही. त्या वेळी क्षणभर शुद्ध हरपली असेल, नंतर उलट्या झाल्या असतील, किंवा तेव्हापासून डोकेदुखी, चक्कर, उजेड सहन न होणं, वाचताना अक्षरांवर मन न ठरणं असं काही सुरू झालं असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या आणि पडल्याची हकीकत नीट सांगा. न विचारता गाडी नेलेली असली की मुलं अशा गोष्टी घरी बोलत नाहीत. “ओरडणार नाही, फक्त खरं सांग,” असं म्हणून एकदा शांतपणे विचारा, आणि मग खरोखरच ओरडू नका. गुण घसरण्याचं मूळ तिथे निघालं तर बाकीचा सगळा वादच बाजूला पडतो. स्कॅन लागेल का, लागला तर कोणता, हे मग डॉक्टर ठरवतील.

तसं काही नसेल, तर मात्र एमआरआय काढू नका. खर्चासाठी म्हणत नाही. तुम्हाला ज्याचं उत्तर हवंय, तो प्रश्न त्या यंत्राला विचारताच येत नाही.

आत काय होतं ते सांगते. अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावतात : चेन, घड्याळ, पट्टा. दातांना तार असेल तर ती आधी सांगावी लागते. अरुंद फळीवर उताणं झोपवून डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट बसवतात, कानांत बोळे घालतात आणि फळी चुंबकाच्या बोगद्यात सरकवतात. मग ठकठक आणि घरघर सुरू होते, ती वीस-तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ डोकं हलवायचं नाही, काही मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं. मुलांवर संशोधन करणारे लोक आधी नकली यंत्रात झोपवून त्यांच्याकडून सराव करून घेतात. त्याला कारण आहे. चुळबुळ करणाऱ्या मुलाच्या मेंदूची बाहेरची साल चित्रात आहे त्यापेक्षा पातळ दिसते. वयाने लहान आणि स्वभावाने अस्वस्थ मुलंच जास्त हलतात, त्यामुळे ‘अमक्या मुलांचा मेंदू पातळ निघाला’ अशी बातमी वाचली की संशोधकांनी हलण्याचा हिशेब धरला होता का, हे बघावं लागतं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, तेव्हा किरणांची भीती नाही. ती काळजी सीटी स्कॅनच्या बाबतीत करायची असते.

या सगळ्यातून हाती काय येईल? रेडिऑलॉजिस्ट बघतो ती गाठ, रक्तस्राव, सूज, जन्मापासूनचा एखादा दोष. तुमच्या मुलाच्या अहवालावर बहुधा ‘नॉर्मल’ एवढंच येईल. मेंदू किती टक्के तयार झाला किंवा गणित झेपेल का, असा रकाना त्या कागदावर नसतोच. कधी कधी उलटंही होतं. आयुष्यभर त्रास न देणारी एखादी लहानशी सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, दिसते आणि पुढचे कित्येक महिने घर त्याच एका शब्दाभोवती फिरत राहतं. कारण नसताना तपासणी करून ही काळजी विकत घेऊ नये.

मग व्हिडिओत दाखवतात ते काय? ते खोटं नाही. फक्त ते तुमच्या मुलाबद्दल नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा एमआरआय घेतले. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं की कपाळामागच्या भागातला करडा पदार्थ (मेंदूतला पेशींचा भाग) वयात येण्याच्या सुमारास, म्हणजे अकराव्या-बाराव्या वर्षी, सर्वांत जास्त असतो आणि पुढे कमी होत जातो. २००४ मध्ये त्याच गटाने १३ मुलांचे चार ते एकवीस वर्षं वयापर्यंतचे स्कॅन जोडून मेंदूच्या सालीचा नकाशा केला. त्यात हालचाल आणि संवेदना सांभाळणारे भाग आधी पक्के होताना दिसतात. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग उशिरा येतो. ‘मुलांचा मेंदू मागून पुढे पिकतो’ असं जे सांगितलं जातं, त्यामागे हे काम आहे. मुलं तेरा होती, हे व्हिडिओत सहसा सांगत नाहीत.

करडा पदार्थ कमी होतो याचा अर्थ मेंदू झिजतो असा घेऊ नका, ही भीती फार पालकांना असते. कुळागरात, म्हणजे आपल्या माडा-पोफळीच्या बागेत, रोज पाणी सोडलेला पाट खोल आणि स्वच्छ होत जातो, न वापरलेले पाट बुजतात. पेशींमधल्या जोडण्यांचं या वयात काहीसं तसंच होतं. वापरातल्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचं आवरण चढतं, निरोप जास्त वेगाने जाऊ लागतो. एमआरआयमध्ये जी साल पातळ होताना दिसते, त्यातला काही भाग तर या आवरणामुळेच तसा दिसतो, हेही अलीकडे लक्षात आलंय. म्हणजे सोळाव्या वर्षी साल पातळ होणं हे वाढीचंच लक्षण आहे.

संशोधन पुढे जातं तसे आकडेही सरकतात. २०२२ मध्ये जगभरातल्या एक लाखाहून जास्त माणसांचे मिळून १ लाख २३ हजारांवर स्कॅन एकत्र करून, गर्भापासून शंभरीपर्यंत मेंदू कसा बदलतो याचे तक्ते तयार झाले. त्यांत एकूण करड्या पदार्थाचं शिखर सहाव्या वर्षाच्या आसपास आलं आणि पांढऱ्या पदार्थाचं, म्हणजे आवरण चढलेल्या तंतूंचं, जवळजवळ एकोणतिसाव्या. मग ‘पूर्ण’ कधी म्हणायचं? सहाला, पंचविसाला की एकोणतिसाला? पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत काही घडतं, असं कुठल्याही अभ्यासात सापडलेलं नाही. वाढ हळूहळू होते, वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वेळी होते, आणि पंचविशीनंतरही चालू राहते. तक्ते करणाऱ्यांनी स्वतःच बजावलंय की एकेका माणसाचं निदान करायला ते अजून वापरू नयेत. शिवाय त्यांतले बरेचसे स्कॅन युरोप आणि उत्तर अमेरिकेतले आहेत. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने सहा ते तेवीस वर्षांच्या मुलामुलींचा मोठा अभ्यास निरनिराळ्या राज्यांत झालाय, ते काम फार मोलाचं आहे. पण तिथले तज्ज्ञही एका मुलाचा स्कॅन बघून त्याला कॉमर्सला पाठवा असं म्हणणार नाहीत.

२०२२ मध्येच ‘नेचर’ या नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. सुमारे पन्नास हजार माणसांचे स्कॅन तपासून संशोधकांनी दाखवलं की मेंदूची मापं आणि बुद्धी किंवा स्वभाव यांच्यातला संबंध इतका बारीक असतो, की तो खात्रीने पकडायला हजारो माणसं लागतात. वीस-पंचवीस जणांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष दुसऱ्यांदा बघायला गेलं की बऱ्याचदा टिकत नाहीत. जे पंचवीस जणांत धड दिसत नाही, ते एकट्या तुमच्या मुलात कसं दिसणार?

मेंदूच्या कामाची जी लाल-पिवळी चित्रं याच यंत्राने काढतात, त्यांच्याबद्दलही सांगायला हवं, कारण माणूस त्यांनाच भुलतो. ते साध्या फोटोसारखे फोटो नसतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे प्राणवायूचं रक्त जास्त येतं. यंत्र तो लहानसा फरक मोजतं आणि हजारो ठिपक्यांवर गणित करून संगणक रंग भरतो. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी मेलेला सामन मासा या यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’, आणि योगायोगाने उमटणारे ठिपके वगळणारी नेहमीची एक सांख्यिकी दुरुस्ती मुद्दाम गाळली. माशाच्या मेंदूत लाल ठिपके उमटले. त्यांना शास्त्राची टर उडवायची नव्हती. हिशेब काटेकोर ठेवला नाही तर मेलेल्या मेंदूतही विचार दिसू शकतात, हा इशारा द्यायचा होता, आणि त्यानंतर त्या क्षेत्रात खरोखरच जास्त काळजी घेतली जाऊ लागली.

आता वडिलांच्या मूळ मुद्द्याकडे येते : मेंदू अपुरा, म्हणून निर्णय अपुरे. तुमच्या घरातला गुंता इथे आहे असं मला वाटतं. तुम्ही स्कूटर आणि शाखा या दोन गोष्टी एका तागडीत टाकल्यात, आणि मेंदूच्या दृष्टीने त्या अगदी वेगळ्या आहेत.

अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या, त्यांत भारतही आला, दहा ते तीस वर्षांच्या पाच हजारांहून जास्त मुलामाणसांना चाचण्या दिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. शांत बसून, माहिती समोर ठेवून, घाई नसताना विचार करायची क्षमता साधारण सोळाव्या वर्षी मोठ्यांइतकी होते. भावना पेटलेल्या असताना, कोणी बघत असताना, मोह समोर असताना स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र अठरानंतरही वाढत राहते. सोळा वर्षांच्या त्याच मुलाच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

स्टाइनबर्ग यांनीच एका सहकाऱ्याबरोबर २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकी खेळाचा एक प्रयोग केला होता. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं, एवढाच खेळ. एकटे खेळताना तेरा ते सोळा वर्षांची मुलं फार वेडेपणा करत नव्हती. दोन मित्र शेजारी बसवले की त्यांचं धोका पत्करणं जवळजवळ दुप्पट झालं. चोविशीपुढच्या माणसांवर मित्रांचा फरकच पडला नाही. पुढे असाच एक खेळ स्कॅनरमध्ये खेळवला, तेव्हा मित्र बघताहेत म्हटल्यावर किशोरांच्या मेंदूत बक्षिसाची ओढ लावणारे भाग जास्त उजळले. तो स्कॅनचा अभ्यास लहान होता, चाळीस जणांचा, म्हणून त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. पण त्यांच्या वागण्यात जे दिसलं, ते तुमच्या वाड्यावरच्या वळणावर घडलेलंच आहे.

तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ, या घरून त्या घरी आरत्या, घुमट-शमेळ या वाद्यांचा नाद अंगात भिनलेला, खांद्यावर मित्राचा हात, पुढच्या घरी पोचायची घाई. त्या मुलाला तिघं बसणं धोक्याचं आहे हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं असतंत तर त्याने तुम्हाला कारणं पाठ म्हणून दाखवली असती. म्हणून धोक्यावरचं व्याख्यान इथे फारसं कामाचं नाही, बदलायची ती परिस्थिती. किल्ली त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पुढच्या चवथीला, शिगम्याला, जत्रेला तो आणि त्याचे मित्र कसे जाणार-येणार हे चार दिवस आधी ठरवा, गरज पडली तर मोठ्या माणसाने सोडायला जावं. “कितीही वाजले तरी फोन कर, न्यायला येतो, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही,” हे आश्वासन वडिलांनी स्वतः द्यावं.

इथे कायदाही कडक आहे आणि तो वडिलांनी वाचायला हवा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पालकांच्या संमतीने, पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आपल्याकडच्या नेहमीच्या स्कूटर त्याहून बऱ्याच मोठ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे स्कूटरच्या बाबतीत तुमचे यजमान बरोबर आहेत, तिथे त्याचं चालू देऊ नका. अठरा पूर्ण झाली की रीतसर शिकवा.

शाखा ठरवणं मात्र शांत बसून करायचं काम आहे. वेळ आहे, माहिती मिळते, शेजारी मोठी माणसं आहेत. सोळा वर्षांचा मुलगा नेमकं हे करू शकतो, आणि करूनच त्यात तयार होतो. दहा हजारांवर लोकांच्या चाचण्या एकत्र केलेल्या २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं की लक्ष टिकवणं, योजना करणं, मन आवरणं या क्षमता दहा ते पंधराच्या दरम्यान झपाट्याने वाढतात आणि अठरा ते विसापर्यंत मोठ्यांच्या पातळीला येतात. हे ज्या वर्षांत घडत असतं, त्याच वर्षांत सगळे निर्णय त्याच्या हातून काढून घेतले, तर पंचविशीला तो सराव कुठून आणणार?

आणि ताई, एक प्रश्न विचारते, राग मानू नका. एमआरआय नेमका कोणासाठी हवाय? तुमच्या पत्रात मला बाप-लेकातली ओढाताण दिसते, आणि मध्ये सापडलेल्या तुम्ही. त्रयस्थ यंत्राने निकाल द्यावा, म्हणजे कोणाला हरवल्याचं पाप आपल्या माथी नको, असं वाटणं मी समजू शकते. पण “तुझ्या मेंदूत सायन्स नाही” हा शिक्का त्या मुलाच्या मनातून पुढे कित्येक वर्षं पुसला जाणार नाही. “आहे” असा निघाला तरी तितकाच वाईट, कारण मग फिजिक्स का जमत नाही याचं एकच उत्तर उरतं : आळशी आहे.

शाखेआधी झोपेकडे बघा. दीडला झोपून सव्वासहाला उठायचं म्हणजे पाच तासही होत नाहीत. तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. वयात येताना शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे सरकतं. मेरी कार्स्काडन या संशोधिकेने लाळेतलं मेलाटोनिन मोजून हे दाखवलं. झोपेची चाहूल देणारं हे द्रव्य मोठ्या मुलांत रात्री उशिरा वाढू लागतं. तेव्हा अकरा वाजता झोप येत नाही, हा हट्ट नसतो. अकरा ते दीडची भर मोबाइल घालतो, आणि ती थांबवता येते. ‘मोबाइलने मेंदू बिघडतो का’ यावर अमेरिकेत सुमारे बारा हजार मुलांना नऊ-दहा वर्षांच्या वयापासून दहा वर्षं तपासणारा अभ्यास चालू आहे. आतापर्यंत त्यातून स्क्रीनचे जे संबंध दिसले ते लहान आहेत, आणि आधी काय, मागून काय, हे सांगणं कठीण आहे. मी तुमच्या जागी असते तर मेंदू बिघडला का हा प्रश्न सोडून दिला असता. मोबाइल त्याची झोप खातोय, हे तर स्कॅनशिवाय दिसतंय.

साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागू देत, वडिलांचाही. त्याच्यासाठी साधं गजराचं घड्याळ आणा. संध्याकाळची ट्यूशन उशिरा संपत असेल तर एखादी कमी करा किंवा वेळ बदलून मागा. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं उजेडात, अंगणात किंवा बसस्टॉपपर्यंत चालत, आणि रविवारी फार तर एक-दीड तास जास्त झोप. तीन आठवडे हे जमलं तर फिजिक्सबद्दलचं त्याचं मत बदलेल का, ते बघा. न बदललं तर मग ते थकव्यातून आलेलं मत नाही, एवढं नक्की होईल.

त्या तीन आठवड्यांत कॉमर्सचा अभ्यास त्यालाच करायला लावा. अकाउंटन्सीचं अकरावीचं पुस्तक मित्राकडून आणून पहिली दोन प्रकरणं सोडवू दे. बँकेत किंवा हिशेबाच्या कामात असलेल्या नात्यातल्या कोणाशी त्याने स्वतः बोलावं. एक गोष्ट त्याच्यासमोर स्वच्छ मांडा : बारावी सायन्सनंतर बीबीए, हॉटेल मॅनेजमेंट, कायदा अशा वाटा उघड्या राहतात, पण कॉमर्सला गेल्यावर इंजिनिअरिंग-मेडिकलकडे परतणं जवळजवळ बंद होतं. आणि हा प्रश्न तुम्ही नक्की विचारा : “तुझे मित्र कॉमर्सला नसते, तरी गेला असतास?” उत्तर लगेच मागू नका, दोन दिवसांनी ऐका. कारणं त्याने एका कागदावर लिहावीत, वडिलांनी त्यांच्या शंका दुसऱ्या कागदावर. जेवणाच्या पानावर हा विषय काढू नका. त्यासाठी वेगळी वेळ ठरवून बसा, आणि त्या वेळी आवाज चढला तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी बसा.

ब्रेन मॅपिंगवाल्यांना माझा सरळ नकार आहे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. सोळाव्या वर्षीही बदलत असलेल्या मेंदूचा कल त्या न बदलणाऱ्या रेषांत कसा उमटेल? डोक्याला वायरी लावून काढतात तो ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, अपस्माराच्या, फिट्सच्या तपासणीत फार उपयोगाचा आहे. कॉमर्स की सायन्स हे तो सांगत नाही. कल तपासायचाच असेल तर मानसशास्त्रज्ञाकडून साधी लेखी अभियोग्यता चाचणी करून घ्या. गोव्यातल्या बऱ्याच हायर सेकंडऱ्यांत समुपदेशक येतात, आधी तिथे विचारा, फी पडली तरी थोडी पडते. त्या चाचणीचा निकाल म्हणजेही बोलण्यातला एक मुद्दा समजा, निवाडा नव्हे.

डॉक्टरांकडे जाण्याची कारणं वेगळी असतात. फिट येणं, सकाळी उठताना डोकेदुखी आणि उलटी, नजर किंवा तोल बिघडणं, एका बाजूच्या हातापायातली ताकद कमी होणं, येत असलेली गोष्ट येईनाशी होणं, यांत उशीर करू नका. अशा वेळी डॉक्टर एमआरआय सांगतील आणि तो काढायलाच हवा. दुसरी बाजू मनाची. घुमट वाजवायला जाणं त्याने सोडलं, मित्र टाळू लागला, जेवण तुटलं, दोन आठवड्यांहून जास्त उदास किंवा चिडलेला राहिला, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर तो वयाचा भाग म्हणून सोडून देऊ नका. बांबोळीची मनोरुग्ण आणि मानवी वर्तन संस्था आहे, किशोरांच्या मानसिक आरोग्यावर गोव्यात बरीच वर्षं काम करणारी ‘संगाथ’ आहे, आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो. तिथे बोललं म्हणजे मुलाला वेड लागलं असं कोणी म्हणत नाही.

एक काम तीन आठवडे थांबण्यासारखं नाही. अकरावीत मध्येच शाखा बदलता येते का, कोणत्या तारखेपर्यंत, आणि जागा नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा अकरावीला बसावं लागेल का, हे याच आठवड्यात प्राचार्यांना विचारून घ्या. जाताना मुलाला आणि त्याच्या वडिलांना दोघांनाही बरोबर न्या, आणि हे प्रश्न मुलालाच विचारू द्या.